तीन पुडाचा डबा

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं आमच्या कॉलनीच्या मंडळातला एक जण सांगून गेला. जाता जाता म्हणाला, "बाई, तुम्ही पी.टी.च्याच ना? मग दोन पानं पुरेत." माझा जुना विद्यार्थी, म्हणून वाचला. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथं बैठका काढायला लावल्या असत्या. पी.टी.ची बाई म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई, एवढंच लोकांना ठाऊक. गणिताचे सर रजेवर गेले की मोठे सर हवालदिल व्हायचे. मी रजेवर गेले की गणिताचे सर खूश व्हायचे, कारण माझा तास त्यांना मिळायचा आणि ते त्यात अपूर्णांक उरकून घ्यायचे. आमच्या विषयाची पत ही अशी.

शाळा भोसरीची. पाचवी, सहावी, सातवी माझ्याकडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं ती. एका अंगाला बाजरीची आणि कांद्याची रानं, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडी, आणि दर पावसाळ्यानंतर बघावं तर एखादं रान कमी झालेलं आणि शेड वाढलेली. आम्हाला मैदान होतं ते एवढ्याचसाठी की तिथं अजून कुणाची शेड आली नव्हती. त्या मैदानात इतके दगड होते की पहिलं वर्षभर माझं शारीरिक शिक्षण म्हणजे पोरांना रांगेत उभं करून दगड वेचायला लावणं! कमरेत वाकणं, उठणं, ओझं उचलणं, सगळे व्यायाम त्यात आले. इन्स्पेक्टर साहेबांना मी तसंच सांगितलं आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

कवायत आणि खेळ हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे आरोग्याचा तास. नखं बघायची, दात बघायचे, केसांत उवा बघायच्या, आणि काय खावं ते शिकवायचं. त्यासाठी वरून एक रंगीत तक्ता आला होता. त्यावर दुधाचा पेला, उकडलेलं अंडं, लालभडक सफरचंद आणि एक पिवळी वडी होती. ती वडी कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिच्यावर बोट ठेवायचं टाळत असे. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं विचारलं, "सफरचंद कुणी कुणी खाल्लंय?"

गावठाणातल्या एकानं हात वर केला. "आमी खाल्लंय बाई. आज्याला दवाखान्यात नेलं तवा आनलं व्हतं. आज्यानं खाल्लं आन् दुसऱ्या दिवशी आजा ग्येला."

सगळा वर्ग त्या तक्त्याकडे असा बघायला लागला की विचारू नका. त्यानंतर मी तो तक्ता उलटा टांगला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः चित्रं काढली. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, गूळ-शेंगदाणे, पेरू, ताक. माझी चित्रकला अशी की मेथीची जुडी आणि केरसुणी सारखीच दिसायची, पण पोरांना पदार्थ ओळखीचे होते. "हे तर आमच्यात रोजच असतं," म्हणाली. म्हटलं, मग रोज खा, आणि चावून खा. आहारशास्त्र संपलं!

पालकांचं निराळंच. लातूरकडून आलेले एक फिटर शाळेच्या फाटकाशी मला गाठून म्हणाले, "बाई, तुमी कवायत घेतल्यापासून लेकरू दोन भाकरी जास्त खायलंय. त्या कुठून आणू?" चेष्टा करताहेत की तक्रार, मला कळेना. म्हटलं, "वाढतंय हो लेकरू." ते म्हणाले, "वाढू द्या की, पण जरा हळू वाढवा." आणि हसत निघून गेले.

त्या कामगार-वस्तीतल्या मुलांची एक सवय मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. बापाची रात्रपाळी असली की तो दिवसा घरात झोपलेला असायचा. एकच खोली. मग पोरं घरात चवड्यांवर चालायची, कुजबुजत बोलायची, भांडं पडलं तर श्वास रोखून उभी राहायची. हीच पोरं मैदानावर आली की अशी काही ओरडायची! नव्या शिक्षकांना वाटायचं, काय रानटी मुलं आहेत. मी म्हणायची, ओरडू द्या, आठवडाभराचं साठलंय. आताही एखादं मूल चवड्यांवर चालताना दिसलं तर माझ्या मनात पहिलं तेच येतं, घरी बाबांची नाइट असेल.

शाळेचं घड्याळ म्हणजे कंपन्यांचा भोंगा. आमची मोठी सुट्टी साडेबाराला व्हायची, कारण साडेबाराला जेवणाचा भोंगा. मोठ्या कंपन्यांत कँटीन असायचं, पण लहान वर्कशॉपांत कुठलं? तिथल्या कामगारांचा डबा घरून यायचा आणि तो पोचवायची पोरं. सकाळी डबा घेऊनच शाळेत यायचं, भोंगा झाला की पळत वर्कशॉपच्या गेटवर जायचं, बापाचं जेवण होईपर्यंत थांबायचं आणि रिकामा डबा घेऊन पळत परत यायचं. साडेबाराला ती सगळी फौज एकदम फाटकातून सुटायची. माझ्या शाळेतले चांगले पळणारे मी घडवले असं लोक मला बक्षीस समारंभात सांगायचे. खरं म्हणजे त्या डब्यांनी घडवले.

त्यातलीच कुसुम. सातवीतली, उंच, काटकुळी, बोलायला अगदी कमी. खो-खोत ती खांबाला वळसा घालून अशी निसटायची की पाठलाग करणारी मुलगी खांबालाच मिठी मारून बसायची. मुलींचा संघ मी नुकताच उभा केला होता, तोही मोठ्या सरांशी भांडून. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "बाई, मुलीला काही झालं तर गाव माझ्या दारात येईल," हे त्यांचं पालुपद.

रोज पहिल्या तासाला मी डबे तपासायची. बापांकडे न्यायचे डबे कोपऱ्यात, आपापला डबा झाकण उघडून बाकावर ठेवायचा, मी रांगेतून फिरायची. कुणाची नुसती चपाती-साखर, कुणाचा शिळा भात, कुणाचा पाव. कुसुमचा डबा मात्र बघत राहावा असा. तीन पुडांचा, पितळी. एकात भाकऱ्या, एकात उसळ, एकात पालेभाजी, वर कांदा आणि मिरचीचा ठेचा. मी तो हातात उंच धरून वर्गाला दाखवायची. "बघा, डबा असावा तर असा!" कुसुम खाली मान घालायची. मला वाटायचं, लाजाळू आहे. एवढीशी पोर तीन पुडांचा डबा कसा संपवते, असा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण म्हटलं, खेळाडू आहे, भूक असणारच.

पुण्यातल्या शाळेशी सामना ठरला. आठवड्यावर आला होता. त्या दिवशी शेवटच्या तासाला सराव चालू होता. कुसुम पळता पळता थांबली, खांबाला धरलं आणि तशीच खाली सरकली. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा डोळे उघडले. नेमके मोठे सर व्हरांड्यात. मला आत बोलावून म्हणाले, "परत एकदा असं झालं की कुसुम संघात नाही, आणि मुलींचं खो-खोसुद्धा नाही. उद्यापर्यंत मला कारण सांगा." मी तावातावानं म्हटलं, "सर, तिचा डबा बघा एकदा! सगळ्या शाळेत तिच्याइतकं चांगलं कुणी खात नाही."

बाहेर आले तर संघातली शालन दारातच उभी. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, "बाई, कुसुम जेवतच न्हाई. तो डबा तिच्या बापाचा हाय."

 सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. रोज मी तो डबा नाचवत होते आणि एकही मूल बोललं नव्हतं, कारण कुसुमनं त्यांना शपथ घातली होती.

कुसुमला जवळ बसवून विचारलं.  मग एकेक वाक्य निघालं. घरात आजीचा नियम, बाप जेवल्याशिवाय लेकीनं अन्नाला हात लावायचा नाही. आईसुद्धा थांबते. बाप सकाळी चहा पिऊन जातो, म्हणून हीसुद्धा चहावर. त्याचा डबा गेटवर पोचवायचा, रिकामा आणायचा, आणि आपण जेवायचं ते संध्याकाळी घरी गेल्यावर.

मी म्हटलं, "अगं, पण बाप साडेबाराला जेवतो ना? मग तू एक वाजता जेव. आपला डबा वेगळा आण."

"बापाच्या आधी लेकीचा डबा भरायचा न्हाई, म्हणती आजी."

"आजीला मी समजावते."

तेव्हा तिनं मान वर केली. "आजीचं न्हाई बाई. मलाच न्हाई खायाचं. म्या एकदा आधी खाल्लं. श्येजारी बारसं व्हतं, तिथं सकाळच्याला जेवले. त्याच दिशी दादांचं बोट प्रेसमदी ग्येलं."

दादा म्हणजे तिचे वडील. भोसरीत तेव्हा बोट जाणं ही नवलाची गोष्ट नव्हती. पत्रा कापायच्या प्रेसवर काम करणारे कितीतरी जण हात खिशात घालून हिंडायचे. पण ही बारा वर्षांची पोर वर्षभर एकटीच ते ओझं वाहत होती, आणि मी तिला पालेभाजीतलं लोह शिकवत होते!

मी पुष्कळ बोलले. खाण्याचा आणि मशीनचा संबंध नसतो, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, तुमी घरी जेवता का मालकांच्या आधी?"

 आमच्या चिंचवडच्या घरी ह्यांना यायला नऊ वाजायचे आणि मी शिकलीसवरलेली बाई स्वयंपाक झाकून नऊपर्यंत बसायची. पोटात कावळे ओरडत असायचे. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कुसुमला एवढंच म्हटलं, "उद्या डबा द्यायला मीही येते."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर त्या फौजेबरोबर मीही निघाले. पदर खोचून चालत होते तरी पोरं कधीच पुढं गेली. गेटबाहेर लिंबाच्या सावलीत कामगार डबे सोडून बसले होते. कुसुमचे वडील नामदेवराव, उंच, तेलकट कपडे, मला बघून गडबडून उठले. "बाई, पोरीनं काय केलं का?"

"केलं काही नाही. जेवत नाही."

सगळं सांगितलं. कुसुम बाजूला उभी, जमिनीकडे बघत. बोटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आपला उजवा हात पुढं धरला आणि पहिल्यांदाच बघतात तसा बघितला. मग एकदम भडकले. पोरीवर नाही, स्वतःवर. "आगं येडे! बोट माज्या चुकीनं ग्येलं! जादा पीस निघावं म्हून म्या मशीनचा हात वाचवनारा गार्ड काढून ठेवला व्हता. साहेबानं दोनदा सांगितलं व्हतं. तुज्या खाण्याचा काय संबंध?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, डबा लई व्हतो मला. रोजची आर्धी भाकर म्या त्या कुत्र्याला घालतो. माघारी नेली तर घरात म्हातारी म्हनती, जेवन ग्वाड लागलं न्हाई का. म्हून घालतो. आन् ही हितंच हुबी असती की वो! माज्याम्होरं हुबी असती उपाशी!"

त्या माणसाचा चेहरा मला आजही समोर दिसतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"खा," त्यांनी डबा तिच्यापुढं सरकवला. कुसुम मागं सरली. "न्हाई." ओरडून झालं, समजावून झालं, मी माझा मास्तरणीचा आवाज काढून पाहिला. पोर हलेना. नुसतं म्हणे, "तुमी जेवा आधी."

नामदेवराव तिच्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, मांडी घातली. भाकरीचा एक तुकडा मोडला, उसळीत बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. वर तांब्याभर पाणी प्यायले, फडक्याला हात पुसले आणि शेजारच्यांनीही वळून बघावं असा मोठ्ठा ढेकर दिला.

"जेवलो म्या," म्हणाले. "प्वाट भरलं. बाई साक्षीला हायती. आता उरलेलं कुनी खायाचं?"

शेजारचा कामगार हसला. कुसुमच्या ओठांचा कोपरा हलला. ती बसली. पहिला घास तिनं बापाकडे बघत घेतला, दुसराही, आणि मग ती जी जेवायला लागली ती ठेच्यासकट सगळं संपेपर्यंत मान वर केली नाही. भोंगा झाला. नामदेवराव एका घासावर उठले आणि आत गेले.

पुढचं उरकून टाकते. दुसऱ्या दिवसापासून दोन डबे यायला लागले. घरात म्हातारीशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या सरांना मी म्हटलं, "कारण सापडलं, आता चक्कर येणार नाही," आणि खरंच आली नाही. पुण्याचा सामना आम्ही सपशेल हरलो. त्या मुली बूट घालून खेळत होत्या, आमच्या अनवाणी, आणि कुसुम एकटी किती वेळ निसटत राहणार? पण निसटली बाकी झकास! मुलींचं खो-खो शाळेत राहिलं ते मी असेपर्यंत राहिलं. मैदानावर आता काय आहे ते बघायला मी जात नाही. डबा तपासायची माझी पद्धत मात्र त्या दिवसापासून बदलली. डब्यात काय आहे हे विचारणं मी सोडलं आणि काल काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस, असं विचारायला लागले. अशा उपाशी कितीतरी मुली सापडल्या. त्याआधीच्या वर्षांत ज्या माझ्या हातून निसटल्या असतील, त्यांचा विचार आला की अजून जीव तुटतो. आणि मी घरी सातला जेवायला लागले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःचं ताट माझ्याशेजारी घेऊन बसल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीची संध्याकाळ राहिलीच.

पाचला शाळा सुटली, मी खो-खोचं पथक मैदानावर उभं केलं, आणि कुसुमचा पत्ता नाही. शालन म्हणाली, "ती गेटवर ग्येली." माझं टाळकं सरकलं. एवढं रामायण झालं ते हिच्या खेळासाठी आणि हिनंच दांडी मारावी? शिट्टी गळ्यात तशीच, मी तरातरा वर्कशॉपकडे निघाले. गेटच्या गजांना धरून ती उभी होती. चेहरा पांढराफटक.

"काय गं? सराव सोडून इथं काय करतेस?"

"दादा सुटायचे हायत अजून."

माझा राग तिथल्या तिथं उतरला. आज ती बापाच्या आधी पोटभर जेवली होती आणि बाप एका घासावर प्रेसपुढं उभा होता. आतून मशिनींचे धाड धाड आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला ती गज घट्ट धरायची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.  खरं सांगायचं तर त्या वेळी मीही देवाचं नाव घेत होते.

साडेपाचला भोंगा झाला. माणसं सायकली हातात धरून बाहेर पडायला लागली. निळे, खाकी, तेलानं माखलेले कपडे. एक लोंढा गेला, दुसरा गेला. नामदेवराव दिसेनात. मग अगदी मागून आले, सायकल ढकलत. त्यांनी गेटवर पोर बघितली, तिच्यामागं मी बघितली, आणि ते जागच्या जागी थांबले. त्यांना कळलं. सायकल त्यांनी कमरेला टेकवली, दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि बोटं फाकवली.

"नऊ!" तिथूनच ओरडले. "सकाळी नऊ व्हती, आताबी नऊच हायती. मोजून घे!"

येणारे-जाणारे बघायला लागले. कुणाला काही कळेना. कुसुमनं मात्र खरोखर मोजली, ओठ हलवत, एकेक करून. मोजून झाल्यावर तिनं गज सोडले, पळत आत गेली आणि सायकलचं हँडल धरलं.

"दादा," म्हणाली, "मला भूक लागलीया."

"मला बी लई लागलीया," नामदेवराव म्हणाले. "चल, बिगी बिगी घरी."